किट नका घेऊ, आधी पिशवी भरा

प्रश्न: 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमच्या ग्राउंड फ्लोअरला गुडघाभर पाणी होतं, अंधारात कागदपत्रं शोधता शोधता सगळी भिजली. आता जोराचा पाऊस आला की पोटात गोळा येते, नवरा म्हणतो उगाच टेन्शन घेऊन राहिली तू. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: ताई, टेन्शन उगाच नाही हो. पण ऑनलाइनवाली महागडी इमर्जन्सी किट घेऊ नका, त्यातलं बरंचसं घरातच असते. आज फक्त आधार, पासबुक, पॉलिसी, घराचे कागद झिपच्या प्लास्टिक पिशवीत टाका अन् पिशवी माळ्यावर ठेवा, दिवाणात नाही, तिथलंच आधी भिजते (आमच्या सासूबाईंची पेन्शनची फाइल अशीच गेली, पानं अजून चिकटलेली आहेत). मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा. मग जमेल तसं एकेक, बीपी-शुगरच्या गोळ्यांचा एक पत्ता जास्तीचा, टॉर्च, पण सेल बाहेर काढून, आत पडून पडून ते गळतात अन् ऐन वेळी टॉर्च पेटतच नाही. चार जवळचे नंबर कागदावर लिहा, 112 हा इमर्जन्सीचा नंबर तर पोरांनाही पाठ पाहिजे. पाणी शिरायच्या आधीच मेन स्विच बंद करायचा, पाण्यात उभं राहून हात लावायचा नाही म्हणजे नाही. ओआरएसच्या पुड्याही टाका, मे महिन्याच्या उन्हात त्याच कामी येतात, अख्खी पुडी तिच्यावर लिहिलं असते तेवढ्याच पाण्यात, ग्लासात अर्धीमुर्धी नाही.

अन् नवऱ्याला सहज विचारा, मेन स्विच कुठं आहे आपला?