स्कॉटिश माणूस घर सोडून का गेला?

प्रश्न : दादरहून एक वाचक लिहितात, "माहीमची बॉम्बे स्कॉटिश, चौपाटीचं विल्सन कॉलेज, एल्फिन्स्टन, महाबळेश्वरची माल्कम पेठ, जिथं बघावं तिथं स्कॉटिश माणूस. भाची कॅनडात आहे, ती म्हणते इथेही मॅक-अमुक मॅक-तमुक आडनावांचा सुळसुळाट आहे. एवढासा देश, मग एवढी माणसं बाहेर का पडली? गरिबी, एवढंच कारण का?"

उत्तर : गरिबी होतीच, पण नुसत्या गरिबीवर भागत नाही. कारण सगळ्यात जास्त माणसं गेली ती देशात कारखाने धडधडायला लागल्यावर. १८२५ ते १९३८ या काळात २३ लाखांहून जास्त लोक स्कॉटलंड सोडून परदेशी गेले, आणि १९०१ साली तिथली अख्खी लोकसंख्या होती ४५ लाखांच्या आत, म्हणजे बघा.

बाहेर पडायची सवय त्याआधीचीच. सतराव्या शतकात स्कॉटिश फेरीवाले पोलंडच्या गावागावात माल विकत फिरायचे, कुणी स्वीडनच्या राजाकडे भाडोत्री शिपाई व्हायचा, आणि १६०९ नंतर उत्तर आयर्लंडमध्ये जमिनी मिळतायत म्हटल्यावर हजारो कुटुंबं समुद्र ओलांडून तिकडे गेली. १६९० च्या दशकात तर ओळीने पिकं बुडाली. त्यातच १६९८ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर डॅरिएनला स्वतःची वसाहत काढायचा घाट घातला, तापाने माणसं पटापट मेली आणि घराघरातून गोळा केलेला पैसा बुडाला. १७०७ मध्ये इंग्लंडशी एकत्रीकरण झालं त्यामागे हे दिवाळंही होतं. पण त्या एकत्रीकरणाने एक दार उघडलं, इंग्रजांच्या साम्राज्यातल्या नोकऱ्यांचं, आणि आपल्या मुंबईचा संबंध तिथे येतो.

झालं काय की १६९६ च्या कायद्याने गावोगाव शाळा काढायचं ठरलं, इंग्लंडमध्ये दोन विद्यापीठं तर स्कॉटलंडात त्याहून जास्त, म्हणजे डॉक्टर, कारकून, हिशेबनीस भरपूर आणि नोकऱ्या मोजक्या. वर जमीनजुमला सगळा थोरल्या मुलाला, धाकट्यांनी आपलं आपण बघायचं. माल्कम पेठेच्या माल्कम साहेबाचंच घ्या. इंग्लंडच्या सीमेजवळ बापाची शेती, तीही खंडाने, सतरा पोरं, आणि बाप कर्जात बुडालेला. मग पोरगा बारा-तेरा वर्षांचा असतानाच लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांपुढे उभा केला. साहेबाने विचारलं, हैदर अली समोर आला तर काय करशील? पोरगं म्हणालं, तलवार काढून मुंडकं छाटीन. घेतलं की लगेच! १७८३ ला हा मद्रासला उतरला, आणि १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनवर गादी सोडायला लावणारा तो हाच. नंतर मुंबईचा गव्हर्नर. त्याच्या आधीचा गव्हर्नर एल्फिन्स्टन तर उमरावाच्या घरातला, पण तोही धाकटाच, तो सोळाव्या वर्षी आला. यांना कुणी हाकललं नव्हतं, घरात वाटा नव्हता म्हणून आले, आणि आले ते राज्य करायला, हेही विसरायला नको.

आता हाकललेले. उत्तरेच्या डोंगराळ भागात, हायलँड्समध्ये, टोळीचा प्रमुख आणि त्याची माणसं असं नातं होतं, जेवढी माणसं जास्त तेवढी लढाईला बळकटी. १७४६ ला राजाच्या फौजेशी झालेली कलोडनची लढाई बंडात उतरलेल्या टोळ्या हरल्या आणि पुढच्याच वर्षी प्रमुखांचे न्यायनिवाड्याचे अधिकार कायद्याने काढून घेतले. लढाई संपली म्हणजे माणसांची किंमतही संपली, उरला तो खंड. आणि खंड माणसांपेक्षा मेंढ्यांच्या कुरणाला जास्त मिळतो हे कळल्यावर खोरीच्या खोरी रिकामी करायला लागले. १८१४ मध्ये सदरलंडच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात कारभारी पॅट्रिक सेलरच्या माणसांनी घरं पेटवली, खरं तर पेटवली ती छपराची लाकडं, कारण त्या भागात लाकूड मिळणं महामुश्कील, तेच जळलं की घर परत उभं राहणार नाही. सेलरवर मनुष्यवधाचा खटला झाला आणि १८१६ ला तो निर्दोष सुटला.

आपल्या कोकणातला चाकरमानी गिरणीत आला तरी गावाला घर होतं, गणपतीला जाता यायचं, भाऊबंदकीत का होईना हिस्सा असायचा. हायलँडच्या कुळाच्या नावावर कागदाचा चिटोराही नव्हता. उठ म्हटलं की उठायचं.

पण मला सगळ्यात संतापजनक वाटते ती समुद्री शेवाळाची गोष्ट. किनाऱ्यावरचं शेवाळ जाळून राख करायची, ती साबण आणि काच करायला लागायची. नेपोलियनच्या लढायांमुळे स्पेनचा माल येईना, राखेला सोन्याचा भाव आला, आणि मालकांना गुडघाभर गार पाण्यात उभं राहून शेवाळ कापणारे हात हवे होते. मग १८०३ ला प्रवासी जहाजांवर कडक नियमांचा कायदा आला, वर म्हणायला प्रवाशांच्या सुखसोयीसाठी, पण त्याने तिकीट इतकं महाग झालं की गरिबाला जाताच येईना, आणि या कायद्यामागे जोर लावणारे हेच जमीनमालक. लढाई संपली, भाव कोसळला, १८४६ ला बटाट्यावर रोग पडला, आणि मग तेच मालक म्हणायला लागले की तिकीट आम्ही काढतो पण तुम्ही जा! १८५१ मध्ये साउथ यूइस्ट आणि बॅरा या दोन बेटांवरून तिथला मालक गॉर्डन ऑफ क्लूनी याने दीड हजारावर माणसं कॅनडाला पाठवून दिली, कित्येकांना बळजबरीने.

तरी नुसती हायलँडची रडकथा सांगून भागत नाही, कारण एकोणिसाव्या शतकात गेलेले बहुतेक लोक ग्लासगो, डंडी, ॲबर्डीनकडचे होते. गवंडी, लोहार, इंजिनियर, विणकर. कारखाने होते पण पगार इंग्लंडपेक्षा कमी, घरं तर विचारूच नका, १९११ साली जवळजवळ निम्मी लोकसंख्या एक-दोन खोल्यांत राहत होती. त्यात आगबोटी आल्या आणि महिना-दीड महिन्याचा अटलांटिक दहा-बारा दिवसांवर आला. ॲबर्डीनचे ग्रॅनाइट कापणारे तर उन्हाळ्याला अमेरिकेत कामाला जायचे आणि हंगाम संपला की परत. आधी गेलेला भाऊ पत्र लिहायचा, तिकिटाचे पैसे पाठवायचा, आणि मागून अख्खी गल्ली.

प्रश्न : परळच्या वाचक विचारतात, "म्हणजे हा इंग्रजांचाच अन्याय ना?"

उत्तर : तसं म्हणणं सोपं आहे पण खरं नाही हो. हुसकावणारे बरेचसे मालक त्यांचेच जुने टोळीप्रमुख, आणि सेलर स्वतः स्कॉटिशच. शिवाय गेलेले सगळे बिचारेच नव्हते. जमैकात गुलामांच्या मळ्यांचे मालक स्कॉटिश होते, ग्लासगोचे तंबाखूचे व्यापारी गुलामांच्या कष्टावर गब्बर झाले, आणि कॅनडा-ऑस्ट्रेलियात यांना मिळालेली जमीन कुणाची तरी होतीच की. स्वतः हाकलला गेलेला माणूस दुसऱ्याला हाकलताना कचरतो असं इतिहासात फारसं दिसत नाही.

प्रश्न : "मग मुंबईत आलेले स्कॉटिश इथेच का नाही राहिले?" (एक विद्यार्थी, गिरगाव)

उत्तर : कारण इथे राहायला कुणी आलंच नव्हतं. १८३३ पर्यंत तर कंपनी गोऱ्यांना इथे मोकळेपणी जमीन घेऊन वसूच देत नव्हती, वर ताप, पटकी. पैसे कमवायचे आणि जिवंत असलो तर घरी जायचं, एवढाच बेत. एल्फिन्स्टन १८२७ ला गेला, माल्कम १८३० ला. मिशनऱ्यांचं वेगळं होतं. जॉन विल्सन १८२९ ला आले, मराठी शिकले आणि १८७५ ला मुंबईतच वारले. त्यांची बायको मार्गारेट यांनी इथे मुलींच्या शाळा काढल्या, त्याही सावित्रीबाईंच्या शाळेच्या बऱ्याच आधी. त्यांच्यावर एकदा स्वतंत्र प्रश्न पाठवा, लिहिण्यासारखं बरंच आहे.