वाचकांचे प्रश्न : आगळाची बाटली, पापडाचं खोकं आणि गोव्याची ऑर्डर

प्रश्न : आमचा बचत गट कोकमाचं आगळ करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन मुंबई-पुण्याला लिटरच्या बाटल्या कुरिअरने पाठवतो. पाचातली एक तरी गळते, खोकं लाल होऊन पोचतं. कुरिअरवाला म्हणतो, पॅकिंग तुमचं. काय करावं? (कुडाळ)

उत्तर : आधी गळती कशाची ते ओळखा. बाटलीचं बूड फुगून गोल झालं असेल, झाकण फिरवताना फस्स आवाज येत असेल, तर आत आंबणं चालू आहे आणि मीठ कमी पडलं आहे. रसाच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के मीठ लागतं. गिऱ्हाईक 'कमी खारट द्या' म्हणालं म्हणून निम्मं घातलंत, तर ते आगळ फ्रिजबाहेर टिकणार नाही. मीठ वाटीने मोजू नका. जाडं मीठ आणि बारीक मीठ एका वाटीत सारखं बसत नाही, म्हणून प्रत्येक घाण्याला काट्यावर वजन करा.

बाटली फुगलेली नाही, पण मान चिकट आहे, असं असेल तर दोष झाकणाचा. नुसतं फिरकीचं झाकण कितीही आवळलं तरी दोन दिवसांच्या हादऱ्यांनी सैल होतं. झाकणाच्या आत फॉइलची चकती बसवून ती हातातल्या इंडक्शन सीलिंग मशीनने चिकटवा. इथे तीन चुका हमखास होतात. पहिली, पेटच्या (पाण्याच्या बाटलीसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या) बाटलीला एचडीपीईसाठीची (दुधट, जाड प्लॅस्टिकसाठीची) चकती आणली जाते. ती चिकटल्यासारखी दिसते आणि बोटाने सोलून निघते, म्हणून चकती घेताना दुकानदाराला रिकामी बाटली दाखवा. दुसरी, ओतताना बाटलीच्या कडेवर आगळाचा थेंब राहतो. त्याच्या मिठाचा कण बसला की तेवढ्या जागी सील धरत नाही. कड ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. तिसरी, बाटली गळ्यापर्यंत भरली जाते. उन्हात उभ्या गाडीत आगळ प्रसरण पावतं आणि वाट शोधतं. बोटभर जागा रिकामी ठेवा. पत्र्याची झाकणं तर नकोतच, मिठाने आणि आंबटाने ती गंजतात.

सील झालेल्या बाटल्या जुन्या वर्तमानपत्रावर एक रात्र आडव्या आणि एक रात्र उलट्या ठेवा. आगळाचा एक गुण इथे कामी येतो, कागदावर टिपूस पडला तरी लाल डाग लपत नाही. डाग पडलेली बाटली घरच्या सोलकढीला. बाकीच्या एकेक करून पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधा, पाच थरांच्या खोक्यात चारही बाजूंनी दोन बोटं कागदाचा बोळा भरा आणि तळाला व वर इंग्रजी 'एच'च्या आकारात टेप लावा. खोक्यावर 'ही बाजू वर' असा बाण काढा हवा तर, पण गाडी भरणारा तो वाचेल या भरवशावर पॅकिंग करू नका.

आणि स्पष्टच सांगायचं, तर एकेक लिटर आगळ कुरिअरने पाठवणं परवडणारा धंदा नाही. बाटलीसकट वजन सव्वा किलोच्या घरात जातं आणि पाठवणावळ मालाच्या किमतीशी भांडायला लागते. अर्ध्या लिटरच्या बाटलीसोबत आमसुलं, कुळथाचं पीठ असा कोरडा माल जोडून एकच पार्सल करा. नाहीतर ठाण्या-दादरला कुणी घरचं माणूस असेल, तर एसटीच्या पार्सलने पेटी एकगठ्ठा पाठवा आणि ऑर्डरी तिथून न्यायला सांगा. गणपतीला आलेले चाकरमानी परतताना जे नेतात, त्याला तर पाठवणावळच नाही. त्या पंधरवड्याची यादी जुलैपासून करायला घ्या.

प्रश्न : पोह्याचे पापड अर्धा किलो पाठवले, बिल तीन किलोचं आलं. फसवणूक आहे का? (गुहागर)

उत्तर : नाही. कुरिअर काट्यावरचं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे घेतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायची. ३० × २५ × २० चं खोकं म्हणजे १५,०००, भागिले ५००० बरोबर ३ किलो, मग आत पापड असोत की हवा. पापडाच्या व्यासाला बेतून १८ × १८ × १२ चं खोकं घेतलंत, तर ०.७८ किलो येतं, म्हणजे अर्ध्या किलोच्या टप्प्याने एक किलोचं बिल. माप टेप लावून झाल्यावर, फुगवट्यासकट, बाहेरून घ्या. किराणा दुकानातून आणलेल्या बिस्किटांच्या रिकाम्या खोक्यांत हाच तोटा लपलेला असतो. खोकं फुकट आणि जागेचं भाडं तुमचं.

तळलेल्या फणसाच्या गऱ्यांना मात्र पाकिटात हवा लागतेच, नाहीतर चुरा पोचतो. त्यांचा दर लावतानाच आकाराचं वजन धरा.

प्रश्न : माल पोचल्यावर पैसे ही सोय दिली की ऑर्डरी वाढतात, पण परतही येतात. ठेवावी की बंद करावी? (राजापूर)

उत्तर : आकडे मांडून बघा. समजा, पाठवायला ८० रुपये, परत यायला ८० आणि पॅकिंगला २५. एक परतीचं पार्सल १८५ रुपये खातं. पार्सलमागे नफा ६० रुपये असेल, तर विकलेल्या तीन पार्सलांची कमाई त्यात गेली. शिवाय पावसाळ्यात आठ दिवस फिरून परत आलेला काजूगर सर्द होऊन येतो, तो पुन्हा विकायच्या लायकीचा राहत नाही. नव्या गिऱ्हाइकाकडून निदान पाठवणावळ आगाऊ घ्या. ज्याला खरंच माल हवा आहे, तो शंभर रुपये भरायला कुरकुरत नाही.

प्रश्न : आमसुलांवर पांढरी बुरशी आहे म्हणून ग्राहकाने फोटो पाठवला. आम्हाला ते मीठ वाटतं. कसं पटवून द्यायचं? (सावर्डे)

उत्तर : ओलं बोट लावून बघायला सांगा. मीठ असेल तर विरघळतं, जिभेला खारट लागतं आणि खाली आमसुलाचा काळपट-लाल रंग स्वच्छ दिसतो. बुरशी कापसासारखी तंतूंची असते, पुसली तरी डाग राहतो आणि कुबट वास येतो. वास आला तर वाद घालू नका, पैसे परत करा, जिभेला लावायलाही सांगू नका. मिठाबद्दलच्या या दोन ओळी पाकिटावरच छापा. विक्रीच्या फोटोतही काळ्या आमसुलांचा नुसता ढीग दाखवू नका. खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, काचेच्या ग्लासातल्या पाण्यात एक आमसूल टाका आणि लाल रंग उतरायला लागला की फोटो काढा.

प्रश्न : पणजी, म्हापशाहून काजूगर आणि आगळाच्या ऑर्डरी येतात. उलाढाल चार-पाच लाखच आहे. जीएसटी लागतो का? (सावंतवाडी)

उत्तर : तुमच्याकडे हा प्रश्न जास्त नाजूक आहे, कारण पुणे लांब असून आपल्या राज्यातलं आणि म्हापसा जवळ असून दुसऱ्या राज्यातलं. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला, की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. काजूगर आणि आगळ करपात्र आहेत. ताजे आंबे करमुक्त आहेत आणि स्वतःच्या जमिनीत पिकवलेलं विकणाऱ्या शेतकऱ्याला तेवढ्यापुरती नोंदणीतून सूट आहे, त्यामुळे घरच्या बागेच्या पेटीला ही अडचण नाही. मोठ्या विक्री-संकेतस्थळांवर पूर्वी छोट्यांनाही नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आतल्यांना फक्त राज्यात विकायचं असेल, तर पॅनवर मिळणारा नावनोंदणी क्रमांक पुरतो. गोव्याच्या ऑर्डरी नियमित असतील, तर सल्लागाराची फी आणि विवरणपत्रांची कटकट धरून हिशोब करा. महिन्याला दोन-तीनच असतील, तर त्या सोडून दिलेल्या बऱ्या.

प्रश्न : घरगुती मसाल्याच्या पाकिटावर काय काय छापायचं? (दापोली)

उत्तर : पदार्थाचं नाव, जास्त ते कमी प्रमाण या क्रमाने घटक, निव्वळ वजन, तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता, तयार केल्याची आणि वापरण्याची मुदत, बॅच क्रमांक, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन, चौकोनातला हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक. छोट्या उद्योगाला मोठा परवाना लागत नाही, त्याच प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवरची साधी नोंदणी चालते. हल्ली राहून जातो तो एकक दर : २०० ग्रॅमला ९० रुपये असतील, तर ग्रॅमला ०.४५ रुपये. बॅच क्रमांक शोभेसाठी नसतो. खवट वासाची तक्रार आली, तर कुठल्या दिवशीचं कांडप ते त्यावरूनच कळतं.

प्रश्न : हापूसच्या पेटीत साका निघाला की ग्राहक अख्ख्या पेटीचे पैसे मागतो. (देवगड)

उत्तर : साका, म्हणजे आतल्या गराचा पांढरट, स्पंजासारखा झालेला भाग, बाहेरून दिसत नाही, हे पेटी विकतानाच लिहून द्या : 'कापल्यावर साका निघाला तर दोन दिवसांत फोटो पाठवा, तेवढ्या नगांचे पैसे परत.' अट आधी सांगितली की भांडण निम्मं होतं. तुमच्या हातातलं म्हणजे फळ झाडावर फार पिकू न देणं, सकाळी देठासकट झेल्याने (काठीला लावलेल्या जाळीने) काढणं आणि काढलेलं फळ तापल्या कातळावर न ठेवणं. जमिनीची धग साका वाढवते. भौगोलिक मानांकनाचं चिन्ह २०१८ पासून पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांच्या हापूसला आहे, पण ते पेटीवर छापायला तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. नुसती देवगडात बाग असणं पुरत नाही.

प्रश्न : सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या नावाने पन्नास किलो काजूगराची ऑर्डर आली. पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला आणि स्कॅन करायला सांगितलं. (रत्नागिरी)

उत्तर : स्कॅन करू नका. पैसे घ्यायला ना क्यूआर स्कॅन करावा लागतो, ना यूपीआयचा पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. 'पैसे भरले' असा स्क्रीनशॉट आला, तरी स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम जमा दिसेपर्यंत माल हलवू नका. पैसे गेलेच असतील, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.