ॲनालिटिकल केमिस्ट्रीत सध्या नवीन संशोधन काय चाललंय? मशीनच सगळं करत असेल तर यात एमएस्सी करून उपयोग आहे का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, ‘शेवटी केमिस्ट फक्त बटणच दाबतो ना?’ ते वाचून राहवलं नाही. मी २००५ पासून क्यूसीत, म्हणजे औषधांचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे, सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात, आणि हे वाक्य मी एकदा भर मीटिंगमध्ये ऐकून घेतलंय.

२००९ चा पावसाळा. रबाळ्याच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत होते. त्या वर्षी ॲसिटोनायट्राइल, म्हणजे आमच्या एचपीएलसी मशीनमधून पाण्याबरोबर सोडायचं सॉल्व्हंट, मिळता मिळत नव्हतं. ॲक्रिलोनायट्राइल बनवताना ते बाजूला निघतं. मंदीत गाड्यांची आणि प्लास्टिकची मागणी पडली, ते कारखाने थंडावले आणि जगभरच्या लॅब अडल्या. आमच्याकडे बाटल्या साहेबांच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचे. सही केल्याशिवाय अर्धा लिटरही मिळायचं नाही.

एचपीएलसीत पंप सॅम्पलला कॉलममधून, म्हणजे बारीक कण भरलेल्या नळीतून ढकलतो. त्यातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि प्रत्येकाचा आलेखावर एक उंचवटा उठतो, तो पीक. अशात एका बॅचमध्ये अकराव्या मिनिटाला एक पीक आला. अनोळखी, ०.१८ टक्के. मर्यादा ०.१०. बॅच होल्डवर. पुन्हा लावली, पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही आला. दर वेळी त्याच व्हायलच्या (सॅम्पलच्या छोट्या बाटलीच्या) दुसऱ्या इंजेक्शनला मात्र तो पीक निम्म्याहून कमी यायचा. साहेबांनी त्यावर शेरा मारला, ‘ऑपरेटर एरर’. एमएस्सी करून चार वर्षं झालेल्या माणसाला ऑपरेटर!

मला खटकलं ते वेगळंच. तिन्ही दिवस ती बॅच यादीत पहिली होती. आम्ही सकाळी ब्लँक (औषध न घातलेलं नुसतं द्रावण) आणि स्टँडर्ड (तुलनेसाठीचा माहितीतला नमुना) चालवायचो, मग सॅम्पलचं वजन होईपर्यंत तास-सव्वा तास पंप तसाच सुरू राहायचा, ९५ टक्के पाणी, ५ टक्के ॲसिटोनायट्राइल. म्हणजे पहिलं सॅम्पल कुठलंही असो, त्याच्याआधी कॉलमवरून तासभर पाणी गेलेलं असायचं. पाण्यात तेलकट काही असेल तर ते तेवढा वेळ कॉलमवर साचत राहणार आणि ग्रेडियंट चढला, म्हणजे ॲसिटोनायट्राइलचं प्रमाण वाढत गेलं, की एकदम सुटून बाहेर पडणार. हे मला लॅबमध्ये नाही सुचलं. संध्याकाळच्या लोकलमध्ये, रबाळे आणि ऐरोलीच्या मध्ये कुठेतरी सुचलं.

दुसऱ्या दिवशी मी फेकून दिलेली इंजेक्शनं उघडली. त्या काळी सकाळचं पहिलं इंजेक्शन कॉलम लाइनीवर यावा म्हणून द्यायचे आणि त्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. मी गेल्या तीन आठवड्यांची काढली. प्रत्येकात अकराव्या मिनिटाला तोच पीक. सॅम्पल नाही, काही नाही, नुसता डायल्युएंट, सॅम्पल ज्यात विरघळवतात तो द्रव.

मग सही करून बाटली मागितली. साहेब म्हणाले, सॉल्व्हंट फुकट घालवू नको. मी सांगितलं, पाचच टक्के लागतंय, बाकी पाणीच आहे. सेकंड शिफ्टला थांबून तीन ब्लँक चालवले: एक दहा मिनिटं थांबून, एक वीस, एक चाळीस. पीकचं क्षेत्रफळ आलं २१ हजार, ४३ हजार, ८५ हजार. वेळ दुप्पट, पीक दुप्पट. मग पाणी शुद्ध करायच्या युनिटच्या नळाचं ताजं पाणी काचेच्या बाटलीत घेऊन चाळीस मिनिटांचा ब्लँक पुन्हा लावला. बेसलाइन सपाट.

आमचं पाण्याचं युनिट पावसात सारखं ट्रिप व्हायचं, म्हणून जूनपासून पाणी नव्या प्लास्टिकच्या वीस लिटरच्या कार्बॉयमध्ये भरून ठेवत होते. प्लास्टिकमधलं काहीतरी पाण्यात उतरत होतं, बस.

हे सगळं कागदावर मांडून दिलं. साहेबांनी क्रोमॅटोग्राम, म्हणजे ते पीकचे आलेख, बाजूला सारले आणि म्हणाले, मशीनने दाखवलंय ना, मग इम्प्युरिटी आहेच. आणि वर, ‘तुमचं काम बटण दाबायचं, निष्कर्ष आम्ही काढू.’ बॅच परत क्रिस्टलाइज करायला गेली. आली तेव्हा यादीत चौथी होती, म्हणून पास झाली. तपासाच्या फाइलीत कारण लिहिलं गेलं, ‘उपकरण जुने’. त्याच कागदावर नवं मशीन मंजूर झालं, दोन मायक्रॉनपेक्षा बारीक कणांच्या कॉलमचं. ते पुढच्या मार्चमध्ये आलं. पहिल्याच दिवशी त्याच कार्बॉयचं पाणी लावलं आणि साडेतीन मिनिटांना तोच पीक आला, आधीपेक्षा टोकदार. आठवड्याभरात कार्बॉय गुपचूप गायब झाला. फाइल कुणी बदलली नाही.

आता तुमचा प्रश्न, नवं काय? माझ्या लाइनीपुरतं सांगते. गेल्या काही वर्षांत सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती नायट्रोसमाइन्समुळे, म्हणजे कॅन्सरचा धोका असलेल्या संयुगांमुळे. जुलै २०१८ मध्ये व्हॅल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात त्यातलंच एक, एनडीएमए, सापडलं. दिवसाला चालणारी मात्रा ९६ नॅनोग्रॅम, म्हणजे आमच्या नेहमीच्या यूव्ही डिटेक्टरला दिसायची सोयच नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र लागतं, अनेकदा हाय रिझोल्यूशनचं. त्यातलं ऑर्बिट्रॅप २००५ मध्ये बाजारात आलं, अलेक्झांडर मकारोव यांचं काम. चातीसारख्या इलेक्ट्रोडभोवती आयन फिरत राहतात आणि त्यांच्या आंदोलनाच्या वारंवारतेवरून वस्तुमान चार दशांश स्थळांपर्यंत काढतात. मला हे यंत्र मनापासून आवडतं.

पण पुढचं बघा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या व्हॅलिशुअर कंपनीने सांगितलं की रॅनिटिडिन या ॲसिडिटीच्या औषधाच्या एका गोळीत २५ लाख नॅनोग्रॅमहून जास्त एनडीएमए आहे. माझ्या सासूबाई ती गोळी वर्षानुवर्षं घेत होत्या. बातमी बघून त्यांनी रिकामी पाकिटं माझ्यापुढे आणून ठेवली आणि विचारलं, मी आजवर काय खाल्लं गं? मी पद्धत काढून वाचली. नमुना हेडस्पेसमध्ये, म्हणजे वरची वाफ मोजण्यासाठी बंद बाटलीत, १३० अंशांना तापवला होता. रॅनिटिडिनच्या रेणूत डायमिथाइलअमाइनचा भागही आहे आणि नायट्रोचाही, तापवलं की त्यातूनच एनडीएमए तयार होतं. मोजण्याच्या पद्धतीनेच ते बनवलं होतं. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने न तापवता एलसी-मासवर (कॉलमला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) मोजलं तेव्हा आकडे कितीतरी खाली आले.

२०२० मध्ये मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचं असंच. एका खासगी लॅबने जास्त एनडीएमए सांगितलं, एफडीएने तेच नमुने तपासले तर काहींत आकडा फुगलेला निघाला. डीएमएफ हे साधं सॉल्व्हंट आड येत होतं. एनडीएमएचा आयन ७५.०५५३ वर येतो, डीएमएफमधला जड नायट्रोजनवाला ७५.०५७१ वर. तिसऱ्या दशांशातला फरक. मशीन तो वेगळा करू शकतं, पण वस्तुमानाची खिडकी किती अरुंद ठेवायची आणि डीएमएफ कॉलमवरच आधी बाजूला काढायचं का, हे माणसाने ठरवावं लागतं. साहेब, याला बटण दाबणं म्हणत नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. रॅनिटिडिनवरचा संशय खोटा नव्हता. गोळ्या ठेवून ठेवून, उष्णतेत जास्तच, एनडीएमए वाढतं हे पुढे दिसलं. एप्रिल २०२० मध्ये एफडीएने ते औषध बाजारातून काढायला लावलं आणि आपल्याकडे २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं. आणि नवी मशीन्स नसती तर यातलं काहीच कळलं नसतं, माझ्या जुन्या एचपीएलसीवर तर नाहीच. पर्यावरण, अन्न, रुग्णालयाच्या लॅब यांतलं संशोधन मला आतून माहीत नाही, तिकडच्या कुणीतरी लिहावं.

एमएस्सी करा. फक्त कॉलेज निवडताना मशीनचं मॉडेल विचारत बसू नका, विद्यार्थ्यांना स्वतः मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) बनवायला आणि कॉलम बदलायला देतात का ते विचारा. आता मी मुलाखती घेते तेव्हा समोर एक क्रोमॅटोग्राम ठेवते आणि गप्प बसते. बहुतेक जण पीक मोजायला लागतात. गेल्या महिन्यात कळव्याची एक मुलगी आली होती, तिने कागद उलटा-पालटा करून विचारलं, ‘मॅडम, याचा ब्लँक कुठंय?’ तिला तिथल्या तिथे घेतली.