सर्दी-तापात व्यायाम चालू ठेवावा का? ग्वाल्हेरच्या थंडीत तब्येत कशी सांभाळावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहता, वय ३६, दिवाळीनंतर जिम आणि सकाळचं पळणं सुरू केलंत, फेब्रुवारीत १० किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलंय. आता नाक वाहतंय आणि काल संध्याकाळपासून अंग कसकसतंय. जिममधले म्हणतात, घाम गाळ, सगळं निघून जाईल. आई म्हणते, रजईतून पाय बाहेर काढू नकोस. कोणाचं ऐकायचं?

अंग कसकसतंय हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण निकाल त्यावरच लागतो. आईचं ऐका. नुसतं नाक वाहत असतं तर अर्धा कौल जिमवाल्यांना दिला असता.

मी पीटी मास्तर, आता निवृत्त. शिकलो इथेच, रेसकोर्स रोडवरच्या लक्ष्मीबाई कॉलेजात. मैदानावर आमचा ठोकताळा गळ्याचा असतो. त्रास गळ्याच्या वर असेल, म्हणजे नाक गळतंय, शिंका येताहेत, घसा जरा खवखवतोय, तर चालणं, हलकी सायकल, थोडे सूर्यनमस्कार चालतात. दहा मिनिटांत बरं वाटलं तर पुढे जा, डोकं जड झालं तर घरी. त्रास गळ्याखाली उतरला, म्हणजे छातीतला खोकला, धाप, अंगदुखी, उलटी-जुलाब, तर व्यायाम बंद. आणि ताप असेल तर गळ्याच्या वर की खाली हा प्रश्नच उरत नाही.

घाम गाळण्याबद्दल. १९९८ साली अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठात थॉमस वाइडनर यांनी ५० जणांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडला. ३४ जणांना एक दिवसाआड ४० मिनिटं मध्यम व्यायाम करायला लावला, १६ जणांना बसवून ठेवलं. कोणाची सर्दी किती हे कळावं म्हणून वापरलेले कागदी रुमालसुद्धा गोळा करून तोलले! दोन्ही गटांत फरक निघाला नाही. म्हणजे व्यायामानं साधी सर्दी वाढत नाही, आणि एक दिवस आधी बरीही होत नाही. विषाणू नाकाच्या अस्तरात बसलेला असतो, तो घामावाटे कसा निघणार? शिवाय हा प्रयोग साध्या सर्दीचा होता, फ्लूचा नव्हे.

साधी सर्दी दोन दिवस घेत हळूहळू चढते. फ्लू एकदम झडप घालतो: दुपारी दुकानात ठीक असलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून अंथरुणात, पाठ-पिंढऱ्या ठणकताहेत. काही विषाणू, त्यात फ्लूचा आणि कोविडचाही आला, क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. अशा वेळी जोर लावला तर ठोके बिघडू शकतात, आणि हे धडधाकट तरुणांतही घडतं. सूज आहे असं निदान झालं तर तीन ते सहा महिने खेळ बंद ठेवतात. चार दिवस पडून राहणं स्वस्त पडतं.

भरतीची तयारी करणारी पोरं हमखास करतात ती गोष्ट म्हणजे पॅरासिटामॉल घ्यायची, अंग थंड झालं की मैदानावर. गोळीनं ताप उतरतो, आजार नाही. गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच तो गेला म्हणायचं. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनी ठोके वाढतात आणि काहींनी झोप येते, तेव्हा त्या घेऊन ट्रेडमिलवर चढू नका.

नाडीची सवय लावून घ्या. सकाळी जाग आल्यावर, उठून बसायच्याही आधी, रजईतच अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवा (अंगठा नको, त्याला स्वतःची नाडी असते) आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. बरे असताना आठवडाभर मोजलंत की तुमचा आकडा कळेल. एखाद्या दिवशी तो दहानं वर दिसला तर त्या दिवशी पळणं नाही. ताप एक अंश सेल्सियस चढला की ठोके साधारण दहानं वाढतात, त्यामुळे थर्मामीटर हाती येण्याआधीच नाडी चुगली करते.

आता आपल्या गावाची गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पाचला पळायला निघणं म्हणजे शौर्य, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तो आडमुठेपणा वाटतो. थंड हवा जमिनीलगत दबून बसते, तिच्यात गाड्यांचा धूर आणि नाक्यानाक्यावर पेटवलेल्या शेकोट्यांचा, वर धुकं. तीच हवा तुम्ही पळताना कितीतरी पट जास्त ओढता. कोरड्या गार हवेनं श्वासनळ्या आवळतात, दमेकऱ्यांच्या तर फारच. ऊन पडू द्या, नऊ-साडेनऊला निघा, नाहीतर दुपारी चारला. नाका-तोंडावर मफलर घ्या. किल्ल्याची उरवाईकडची चढण पूर्ण बरं झाल्याशिवाय नको. आणि खोली बंद करून सिगडी पेटवत असाल तर ती आजच बाहेर काढा, तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

आपल्याकडे फ्लूच्या दोन लाटा येतात, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरी पावसाळ्यानंतर. पहिल्या लाटेच्या तोंडावरच आपला ग्वाल्हेर मेला, म्हणजे मोठी व्यापारी जत्रा, भरतो आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात. नाक ओढत पाच घरी जाऊन वाण घेणाऱ्या काकू प्रत्येक गल्लीत असतात. त्यांना कोण सांगणार! फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस लागण देतो, त्यामुळे बाहेरून आल्यावर २० सेकंद साबणानं हात धुवा आणि डोळे-नाक चोळू नका. तुम्हीही साधी सर्दी असली तरी ती जिममध्ये नेऊ नका, घरीच हातपाय हलवा.

लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो. असर यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. राहिली असेल तर अजूनही डॉक्टरांना विचारा, आईसाठी तर नक्कीच. काढा, हळदीचं दूध खुशाल घ्या. घशाला शेक मिळतो, पोटात पाणी जातं, त्यापलीकडे अपेक्षा नको. झोपेत मात्र कंजुषी नको. २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात १६४ जणांच्या नाकात असाच विषाणू सोडला होता; सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाली.

शर्यतीचं म्हणाल तर नाव आत्ताच मागे घेऊ नका. ताप गेल्यावर पहिले दोन दिवस नुसतं वीस मिनिटं चालणं, मग निम्मा वेग, निम्मं अंतर. जितके दिवस पडून होतात, किमान तितके दिवस हलकं ठेवा. वजनं सगळ्यात शेवटी. छातीत दुखलं, धडधड झाली, चक्कर आली, किंवा ताप उतरून पुन्हा चढला तर थेट डॉक्टरांकडे. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. तुमचा कालच्या संध्याकाळपासूनचा हिशोब धरला तर आज ताप मोजा, आणि १०१ फॅरनहाइटच्या वर असेल तर उद्यावर न ढकलता दाखवून या.