मुलाला चार क्रेडिट मिळाले, म्हणजे नेमकं काय?

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका बाबांचं पत्र आलंय. बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे पत्र खतावणीसारखं आखीव आहे. थोडक्यात असं: मुलगा २४ वर्षांचा. दहावीला २०१७ साली ९.२ सीजीपीए. बारावीनंतर घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबलं आणि तो सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत सपोर्टच्या कामाला लागला. शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा. आता नोकरी सांभाळून त्याने आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस ही चार वर्षांची पदवी सुरू केली आहे, डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्सची. पहिल्या टर्मचा निकाल: इंग्रजी ‘ए’, कम्प्युटेशनल थिंकिंग ‘बी’, गणित ‘ई’. प्रत्येकापुढे ४ क्रेडिट. गणितापुढे पॉइंटसुद्धा ४. बाबा विचारतात, “हे शंभरात चार आहेत का? ‘ई’नंतर ‘एफ’च येतो ना? शेजारच्या मुलीला बीसीएत एसजीपीए, म्हणजे सत्राची सरासरी, ८.२ आहे, याची सरासरी ७ येते. तीन वर्षांत संपेल का? मध्येच सुटलं तर पैसे पाण्यात का? आणि ही जी क्रेडिट बँक म्हणतात, तिथे नॉमिनी लागतो का?”

सप्रेम नमस्कार.

आधी पास-नापासचं बघू. मुलगा पास आहे, तिन्ही विषयांत. या अभ्यासक्रमात नव्वदच्या वर ‘एस’, ऐंशीच्या वर ‘ए’, मग ‘बी’, ‘सी’, ‘डी’ असं दहा-दहा गुणांनी खाली येतात. चाळीस ते एकोणपन्नास म्हणजे ‘ई’. त्याखाली ‘यू’, तो नापासाचा. ‘एफ’ इथे नाहीच. ‘एस’चे १० पॉइंट, ‘ए’चे ९, असे उतरत ‘डी’चे ६, आणि मग एकदम ‘ई’चे ४. पाच ही पायरीच गाळली आहे. म्हणजे ४९वर अडकलेल्याला एका गुणापायी दोन पॉइंटचा फटका बसतो. चिरंजीवांना गणितात नक्की किती गुण होते ते एकदा विचारा. ४७-४८ असतील तर त्याला गणित येत नाही असं समजू नका, त्याला वेळ पुरला नाही असं समजा.

आता क्रेडिट. तुमच्या बँकेत क्रेडिट म्हणजे जमा, आणि इथेही जमाच, पण जमा होतात ते तास. मुलगा किती हुशार ते क्रेडिट सांगत नाही. विषय केवढा होता आणि तो पार पडला, एवढंच सांगतं. ‘ए’वाल्यालाही ४, ‘ई’वाल्यालाही ४, ‘यू’वाल्याला शून्य. त्याच्या गणितापुढचे क्रेडिट ४ आणि पॉइंट ४ हा निव्वळ योगायोग आहे, तेवढ्यानेच तुमची झोप उडालेली दिसते.

माझा ठोकताळा असा की त्याच्या अभ्यासक्रमातला ४ क्रेडिटचा एक विषय आठवड्याचे दहा तास खातो, बारा आठवडे. पूर्णवेळ कॉलेजात जाणाऱ्याला हा हिशेब कधी करावाच लागत नाही, वेळापत्रक तो करून देतं. नोकरदाराने मात्र फी भरायच्या आधी हाच करायचा. तीन विषय म्हणजे आठवड्याला तीस तास, आणि वर नऊ तासांची शिफ्ट. पहिल्या टर्मला उत्साहात सगळेच तीन-चार विषय घेतात आणि गणित तोंडघशी पाडतं. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या नोकरदार मुलाची हीच कथा. रात्री अकराला सुटून मित्रांबरोबर सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला गेलं की दुसऱ्या दिवशीची सकाळ गेलीच. (जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. शनिवारी जा म्हणावं.)

म्हणून टर्मला दोनच विषय. वर्षात तीन टर्म असतात, म्हणजे वर्षाला २४ क्रेडिट. पूर्ण बीएसला १४२ लागतात. १२ झाले, १३० राहिले. भागाकार तुम्हीच करा: साडेपाच वर्षं. तीन वर्षांत संपणार नाही, आणि संपवायची घाईही नको. जास्तीत जास्त मुदत आठ वर्षांची आहे, त्यात तो आरामात बसतो.

पण मधले थांबे लक्षात घ्या. पहिला टप्पा फाउंडेशनचा, आठ विषय, ३२ क्रेडिट. त्यानंतर दोन डिप्लोमा, एक प्रोग्रॅमिंगचा आणि एक डेटा सायन्सचा, प्रत्येकी २७. दोन्ही झाले आणि वर आणखी २८ केले की एकूण ११४ला बीएस्सी. त्याच्यावर आणखी २८, की बीएस. प्रत्येक थांब्यावर उतरता येतं आणि हातात कागद मिळतो. या वेगाने पहिला डिप्लोमा साधारण दोन वर्षांत हातात पडेल. सपोर्टमधून डेव्हलपमेंटकडे सरकायला तेवढा कागद आणि सोबत दाखवण्याजोगा प्रोजेक्ट पुष्कळदा पुरतो. पैसे पाण्यात जात नाहीत. पुढे अमेरिकेत एमएस वगैरे मनात असेल तर मात्र बीएसपर्यंत जावं, तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांना चार वर्षांची पदवी लागते.

डिप्लोमात २ क्रेडिटचे ॲप डेव्हलपमेंटचे प्रोजेक्ट येतात. आकडा बघून ते ‘जाता जाता’ करू असं तो म्हणेल. म्हणू देऊ नका. सरासरीत त्यांचं वजन निम्मं, पण रात्री पुऱ्या जागवतात. सरासरी काढताना पॉइंटला क्रेडिटने गुणायचं आणि एकूण क्रेडिटने भागायचं. ४ क्रेडिटला ९ आणि २ क्रेडिटला ६ मिळाले तर उत्तर ८ येतं, साडेसात नव्हे. त्याचे आत्ताचे तिन्ही विषय सारख्या वजनाचे आहेत, म्हणून ९, ८ आणि ४ची साधी सरासरी ७ बरोबर आहे. फाउंडेशनच्या उरलेल्या पाच विषयांत ‘बी’ जरी राखला तरी ती ७.६३वर जाते.

शेजारच्या मुलीशी तुलना नका करू, आणि हे मी मन राखायला म्हणत नाही. तिच्या गुणपत्रिकेवर ‘ए प्लस’, ‘बी प्लस’ आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ती यूजीसीची, विद्यापीठ अनुदान आयोगाची, शिडी. तिथे ‘ए’ म्हणजे ८, ‘बी’ म्हणजे ६. इथे ‘ए’ ९ आणि ‘बी’ ८. अक्षर तेच, किंमत वेगळी. क्रेडिटचंही तसंच. यूजीसीच्या आराखड्यात १५ तासांच्या वर्गशिकवणीला एक क्रेडिट, इग्नू या मुक्त विद्यापीठात घरचा अभ्यास धरून ३० तासांना एक. पूर्वी गावोगावचा शेर वेगळा असायचा, तसं हे. तिची ४० क्रेडिटला सर्टिफिकेट, ८०ला डिप्लोमा, १२०ला पदवी, १६०ला ऑनर्स ही मापं याच्या ११४ आणि १४२ला लावू नका. आणि ७ला ९.५ने गुणून टक्केही काढू नका. तो गुणाकार सीबीएसईच्या दहावीचा होता, २०१७लाच ठेवून द्या.

पुढच्या टर्मसाठी एवढंच सांगते: गणिताचा दुसरा भाग आणि पायथन एकत्र घेऊ नये. एक जड, एक हलका. आठवड्याच्या असाइनमेंट वेळेत गेल्या नाहीत तर शेवटच्या परीक्षेला बसू देत नाहीत, तेव्हा त्यांची तारीख फ्रिजवर लावा. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायच्या असतात, बहुधा रविवारी. टर्म सुरू होतानाच त्या रविवारांची सुट्टी मॅनेजरकडे लिहून मागायला सांगा. आदल्या दिवशी मागितली तर मिळत नाही, सुपर कॉरिडॉरवर तरी नाही.

राहता राहिली क्रेडिट बँक. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही यूजीसीची २०२१ची योजना, खातं डिजिलॉकरमधून उघडतं. जमा क्रेडिट सात वर्षांपर्यंत धरले जातात. दुसऱ्या विद्यापीठात जायचं झालं तर त्यातले किती घ्यायचे ते ते विद्यापीठ ठरवतं, म्हणजे खात्यात आहे म्हणून चेक वटेलच असं नाही. व्याज नाही. नॉमिनी लागत नाही.