कसिनोला जायचंय तर टूरच्या 'मोकळ्या दिवसा'वर विसंबू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंना घेऊन ग्रुप टूरनं इटलीला जाताय, आईंच्या मामांचं नाव कसिनोच्या (रोमच्या दक्षिणेकडचं गाव, वर डोंगरावर मोंते कसिनोचा मठ; दुसऱ्या महायुद्धात इथे मोठी लढाई झाली) युद्धस्मारकावर आहे, आणि टूरच्या ऑफिसातून सांगितलंय, "रोमला एक दिवस मोकळा आहे, तेव्हा जाऊन या." ते वाचून राहवलं नाही. आम्हालाही अगदी हेच सांगितलं होतं. माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, सख्खे चुलते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत गेले ते परत आलेच नाहीत. अण्णांना मरण्याआधी एकदा ते नाव हातानं चाचपायचं होतं, बाकी पिसा-व्हेनिसशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

आधीच सांगते, मी ट्रॅव्हल एजंट नाही. व्हिसाचे नियम बदलतात, ते तुम्ही स्वतः तपासा. रोमहून कसिनोला कसं जायचं वगैरे सगळं नेटवर मिळेल, त्यात शिरत नाही.

तो 'मोकळा दिवस' तुमचा नसतो, टूर कंपनीचा असतो. कुठलीही गडबड झाली की पहिली कात्री त्यालाच लागते. आमच्या वेळी व्हॅटिकन म्युझियमचा स्लॉट हलला आणि अख्खी सकाळ आमच्या त्या दिवसात घुसली. टूर मॅनेजर बिचारा चांगला होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. मुंबईच्या ऑफिसला फोन लावला तर बाई म्हणाल्या, "माहितीपत्रकात 'कार्यक्रमात बदल होऊ शकतो' असं छापलंय. आणि तिकडे बघण्यासारखं आहे तरी काय, तो मठ तर बाँबनं पडला होता, नवाच बांधलाय." बुकिंगच्या वेळी ह्याच बाईंसमोर अण्णांनी चुलत्यांचा फोटो ठेवला होता. बदल होतात, ते समजू शकते. ते वाक्य मात्र मी अजून विसरलेले नाही.

दुपारी निघालो. रोम तेर्मिनी स्टेशनहून साध्या गाडीनं दोनेक तास लागतात. ऑक्टोबरचा दिवस, पोचेपर्यंत ऊन कललेलं. त्यात टॅक्सीवाल्यानं 'मोंते कसिनो' एवढंच ऐकलं आणि गाडी वर डोंगरावर मठाकडे घातली. आपलं स्मारक खाली गावाजवळ, कॉमनवेल्थ दफनभूमीच्या आत आहे. वर मठाजवळ आहे ती पोलिश दफनभूमी, जर्मनांची आणखी तिसरीकडे. म्हणून ड्रायव्हरला तोंडानं सांगू नका, मॅपवरचा नेमका ठिपका दाखवा.

आत मधोमध पाण्याचा लांबट हौद आहे आणि उंच संगमरवरी खांबांवर नावं कोरलेली आहेत. इटलीत पडलेले, पण ज्यांची कबर माहीत नाही असे चार हजारांवर लोक. नावं रेजिमेंटनुसार आणि मग हुद्द्यानुसार लावलेली, त्यामुळे नुसतं आडनाव शोधत फिरलात तर दिवस जाईल. अण्णांना रोमन अक्षरं जुळवून जुळवून वाचावी लागतात. खांबाला नाक लावून, एकेका ओळीवर बोट फिरवत ते पुटपुटत होते, "पवार... पवार... हे बी पवारच." नाव सापडलं तोवर टॅक्सीवाला फाटकाशी उभा राहून घड्याळ दाखवायला लागला होता. अण्णांनी गावच्या देवीचा अंगारा पुडीत बांधून आणला होता, ती पुडी न सोडताच आम्ही स्टेशन गाठलं. आता त्यांचे गुडघे पुन्हा एवढा प्रवास करू देणार नाहीत.

म्हणून माझं मत, कुणाला टोकाचं वाटलं तरी: टूरच्या आधी किंवा नंतर दोन दिवस स्वतःचे ठेवा आणि पैसे भरण्याआधी ते लेखी घ्या. ग्रुपच्या तिकिटात परतीची तारीख बदलून घेण्याला टूरवाले 'डेव्हिएशन' म्हणतात. "नंतर बघू" म्हणाले तर ते होणार नाही असंच समजा. जमत नसेल तर विमानाचं तिकीट स्वतः काढा आणि रोममध्येच ग्रुपला सामील व्हा. हे व्हिसाच्या अर्जाआधी ठरायला हवं, कारण शेंगेन व्हिसावर मुक्कामाचे दिवस मोजून दिलेले असतात. जादा दिवसांचं हॉटेल आणि विमाही अर्जातच दाखवावा लागतो. आम्हाला 'डेव्हिएशन मिळणार नाही' हे व्हिसा हातात आल्यावर कळलं.

दुसरं, नाव नक्की कसिनोलाच आहे ना? ह्या दफनभूमी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर बघा. इटलीत दहन झालेल्या बऱ्याच भारतीयांची नावं सांग्रो नदीकाठच्या किंवा फोर्लीच्या स्मारकावर आहेत, आणि ती गावं कसिनोपासून लांब आहेत. आडनावाचं स्पेलिंग त्या वेळच्या कारकुनानं ऐकलं तसं पडलंय, तेव्हा गाव, जिल्हा आणि वडिलांच्या नावानं शोधा. 'मराठा'मध्ये एम-ए नंतर एच लावून बघा, तेव्हा तसंच लिहीत. नोंदीत पॅनल क्रमांक, म्हणजे नाव स्मारकाच्या कुठल्या भागावर कोरलंय त्याचा क्रमांक असतो, तो छापून आईंच्या पर्समध्ये ठेवा.

इटलीत सुमारे 50,000 भारतीय लढले, 5,782 तिथेच राहिले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले, वयाच्या बावीसाव्या वर्षी. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि नाव ह्याच कसिनोच्या स्मारकावर आहे. आईंना तेही दाखवा. मोंतोने गावात 2023 मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभं राहिलंय, पण ते उंब्रियात, ह्या फेरीत जमणार नाही.

तुम्ही कोल्हापूरच्या आहात म्हणून आणखी एक. वेळ उरला तर वर पोलिश दफनभूमीतही जा. 18 मे 1944 ला मठाच्या ढिगाऱ्यावर झेंडा लावला तो जनरल आंदेर्सच्या पोलिश सैन्यानं, आणि त्यातल्या कित्येकांची बायकापोरं तेव्हा तुमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत राहत होती. अण्णांना हे नंतर कळलं, तेव्हा ते खूप हळहळले.

फुलं पायथ्याशी ठेवा. अंगारा, बुक्का, तेल दगडाला लावू नका, डाग पडतात. रेल्वेचं कागदी तिकीट काढलंत तर चढण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो.

मामांचं नाव, गाव आणि तारीख मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी नोंद शोधून पॅनल क्रमांक कळवते. आणि टूरच्या ऑफिसला उद्याच ईमेल करा, फोन नको.