वाचकांचे प्रश्न : वाइन निवळायची कशाने?

प्रश्न : स. न. वि. वि. काटोलजवळ आमचा संत्र्याचा मळा आहे. बाजारात भाव न मिळणारी बारीक फळे वाया जाऊ नयेत म्हणून रीतसर परवाना घेऊन आम्ही नागपुरातील घराच्या आवारात छोट्या प्रमाणावर वाइन करून पाहत आहोत. आंबिया बहाराच्या फळांची वाइन डिसेंबरात दहा-दहा लिटरच्या तीन काचेच्या बरण्यांत लावली होती. फेब्रुवारी संपत आला तरी ती ताकासारखी गढूळच आहे. कोणी बेंटोनाइट नावाची माती घाला म्हणते, कोणी जिलेटिन, तर कोणी अंड्याचा पांढरा भाग. आमच्या घरात अंडे-मासे चालत नाही. वाइनला थोडा कडवटपणाही आहे, तो निवळल्यावर जाईल का? – एक बागायतदार वाचक, नागपूर

उत्तर : परवान्याचा उल्लेख आपण आवर्जून केलात हे बरे झाले. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा हे उत्तर वाचून इतर कोणी स्वयंपाकघरात बरणी मांडू नये.

आपल्याकडे पावसाळ्यातले गढूळ पाणी निवळीचे बी उगाळून किंवा तुरटी फिरवून स्वच्छ करीत असत, आणि त्यामुळेच वाइनलाही असे एखादे हुकमी औषध असेल अशी आपली समजूत होते. (तुरटी वाइनमध्ये मात्र कदापि घालू नये.) वाइन गढूळ होण्याची कारणे निरनिराळी असतात, आणि एका कारणावर चालणारा पदार्थ दुसऱ्यावर नुसता वाया जातो. म्हणून काय घालावे हे ठरवण्याआधी काय तरंगते आहे ते ओळखावे.

पहिली शंका अशी की, आंबण्याची क्रिया खरोखर संपली आहे का? हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचे) माप १.००० च्या खाली येऊन सलग काही दिवस तेथेच स्थिर राहिले पाहिजे. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीतील थंड रात्रींमुळे यीस्ट मंदावते, क्रिया रेंगाळते आणि विरघळलेला वायू साक्याला खाली बसू देत नाही. अशा वेळी काहीही घातले तरी उपयोग होत नाही. माप स्थिर असेल, तर लाकडी किंवा स्टीलच्या स्वच्छ दांड्याने हलक्या हाताने ढवळून वायू निघू द्यावा आणि मगच पुढे जावे.

दुसरी शंका पेक्टिनची, म्हणजे जॅम-जेली घट्ट करणाऱ्या फळांतल्या द्रव्याची, आणि संत्र्याच्या बाबतीत माझा कौल बहुतेक वेळा तिलाच असतो. संत्र्याच्या गरात आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात पेक्टिन भरपूर असते आणि रस तापवला असेल तर ते अधिकच सुटते. त्याची परीक्षा सोपी आहे. एका काचेच्या पेल्यात एक भाग वाइन आणि तीन-चार भाग मेथिलेटेड स्पिरिट घेऊन हलवून ठेवावे. थोड्या वेळाने धागे किंवा जेलीसारख्या गुठळ्या दिसल्या, तर दोष पेक्टिनचा आहे. हा नमुना परीक्षेनंतर फेकूनच द्यावा, कारण असे स्पिरिट विषारी असते. पेक्टिनवर बेंटोनाइट आणि जिलेटिन दोन्ही जवळजवळ निरुपयोगी आहेत, तेथे पेक्टिन तोडणारे पेक्टिनेज हे विकरच (एन्झाइम) लागते. त्याची खरी वेळ आंबवण्यापूर्वी रसात घालण्याची. तयार वाइनमध्ये अल्कोहोलमुळे त्याचा जोर कमी होतो, म्हणून मात्रा सुमारे दुप्पट घ्यावी लागते. ते उबेत चांगले काम करते, त्यामुळे मार्चची चाहूल आपल्या पथ्यावरच पडेल. एक काळजी मात्र घ्यावी : विकर आणि बेंटोनाइट एकाच वेळी घालू नये, कारण विकर हेही प्रथिनच असल्याने बेंटोनाइट त्यालाच पकडून तळाशी नेते.

पेक्टिनची परीक्षा कोरी निघाली, तर पदार्थांची तुलना करण्याला अर्थ आहे. वाइनच्या आंबटपणात प्रथिनांवर धन भार असतो, तर बेंटोनाइट या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मातीवर ऋण भार असतो. दोन्ही एकमेकांना चिकटून जड होतात आणि साका होऊन बसतात. जिलेटिन, अंड्याचा पांढरा भाग आणि माशाच्या हवेच्या पिशवीपासून होणारा आयसिंग्लास ही स्वतःच प्रथिने आहेत, त्यामुळे ती उलट बाजूने, म्हणजे टॅनिन आणि त्यासारख्या तुरट द्रव्यांना पकडतात. संत्र्याच्या वाइनमध्ये टॅनिन बेताचेच असते. अशा वाइनमध्ये जिलेटिनला जोडीदारच मिळत नाही, ते तसेच तरंगत राहते आणि आधीच्या गढूळपणात स्वतःची भर घालते. म्हणून पांढऱ्या वाइनमध्ये जिलेटिनबरोबर ऋण भाराचे सिलिका द्रावण, म्हणजे कीझलसोल, वापरण्याची पद्धत आहे. बाजारात कीझलसोल आणि कायटोसनची जोडीही मिळते आणि ती काही दिवसांतच डोळ्यांत भरेल असा परिणाम दाखवते. परंतु कायटोसन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेले असते, म्हणून आपल्या घराच्या नियमात बसवायचे असेल तर बुरशीपासून केलेले आहे अशी खात्री करून घ्यावी. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून होते. त्याऐवजी चायना ग्रास चालेल का असे अनेकजण विचारतात. जेली करायला ते चालते, परंतु ते प्रथिन नसल्याने टॅनिन पकडण्याचे जिलेटिनचे काम ते करीत नाही. आयसिंग्लासचा प्रश्न तर येथे उद्भवतच नाही, कारण उष्णतेने त्याची रचना मोडते आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते बाटलीतच निकामी होईल.

थोडक्यात, आपल्यासाठी बेंटोनाइट. ते खाद्यपदार्थांसाठीच्या दर्जाचे असावे. मुलतानी माती त्याच गोत्रातली असली तरी सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानातली पुडी येथे आणू नये. एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम बेंटोनाइट थोडे थोडे भुरभुरवीत ढवळावे आणि पूर्ण एक दिवस फुगू द्यावे. कोरडी पूड थेट बरणीत टाकली तर ती नीट फुगत नाही आणि मग लोक बेंटोनाइटला दोष देतात. यानंतर चाचणी घ्यावी. ती टाळणाऱ्यांचीच पत्रे मला पुढे पुन्हा येतात. चार बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर वाइन घेऊन पहिली तशीच ठेवावी आणि उरलेल्या तिघींत बिनसुईच्या सिरिंजने अनुक्रमे अर्धा, एक आणि दोन मिलिलिटर द्रावण घालावे, म्हणजे लिटरला पाव, अर्धा आणि एक ग्रॅम अशी मात्रा पडते. दोन-तीन दिवसांनी अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च धरून पाहावे. ज्या सर्वांत कमी मात्रेत वाइन निवळली तीच घ्यावी. अर्धा ग्रॅम पुरत असेल, तर दहा लिटरच्या बरणीला द्रावण १०० मिलिलिटर लागेल. ते घालून नीट ढवळावे, बरणी हलवू नये, आणि आठवडा-दोन आठवड्यांनी साक्याला धक्का न लावता वरची वाइन नळीने काढून घ्यावी. बेंटोनाइटचा साका भुसभुशीत बसतो, त्यात थोडी वाइन जाणारच.

कडवटपणाबद्दल आशा दाखवता येत नाही. संत्र्यातील कडू द्रव्य लिमोनिन हे ताज्या रसात जवळजवळ जाणवत नाही. सालीखालचा पांढरा भाग, पाकळ्यांची आवरणे आणि बिया यांतील द्रव्यापासून ते आंबट रसात हळूहळू तयार होते. मलई काढलेल्या दुधातील केसीन तपकिरीपणा आणि काही प्रमाणात फिनॉलजन्य कडवटपणा कमी करते, परंतु लिमोनिनसाठी त्यावर भिस्त ठेवू नये. पुढच्या हंगामात पांढरा भाग आणि बिया काढून, बिया न चिरडता रस काढावा. उपाय तेथेच आहे.

प्रश्न : आमच्या परवानाधारक लघुउद्योगात जांभळाच्या वाइनमध्ये बेंटोनाइट घातले. वाइन निवळली, पण रंग उडाला आणि तुरटपणा तसाच राहिला. असे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : बेंटोनाइट प्रथिनांबरोबर रंगद्रव्येही ओढून नेते, म्हणून गडद वाइनमध्ये ते जपून वापरावे, उडालेला रंग परत आणता येत नाही. जांभळाचा तुरटपणा टॅनिनचा आहे आणि त्यावर अंड्याचा पांढरा भाग हाच जुना उपाय आहे. २२५ लिटरच्या पिंपाला पाच ते आठ अंडी असे प्रमाण धरतात, म्हणजे दहा लिटरला एका अंड्याच्या पांढऱ्या भागाचा सुमारे चौथा हिस्सा पुरतो. चिमूटभर मीठ घातलेल्या थोड्या पाण्यात तो फेस न काढता मिसळावा. अंडे आणि दूध यांची ॲलर्जी असणाऱ्यांचा विचार करून, विक्रीच्या बाटलीवर त्यांच्या वापराचा उल्लेख करावा.